विचारा की! : सक्तीचं डिजिटल ओळखपत्र म्हटलं की लोक बिथरतात का?

मागच्या अंकात "डिजिटल ओळखपत्रांबद्दल काय वाटतं ते लिहा" असं छोटंसं आवाहन टाकलं होतं, वाटलं पाच-सहा पत्रं येतील, आला ढीग. काही घाबरलेली, काही वैतागलेली आणि दोन-तीन थेट माझ्यावरच भडकलेली (ती पण घेतलीयेत). सारखे प्रश्न एकत्र केलेत. जवळपास सगळ्यांनीच "नाव छापू नका" असं लिहिलंय, विषय बघता त्यात नवल काही नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आयटीत आहे. तो म्हणतो ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याने घाबरायचं कशाला. मला ते पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. काय सांगू त्याला?

उत्तर : त्याला एवढंच विचारा की तुझी माहिती आज ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात ती तीस वर्षांनी पण असेल याची गॅरंटी कोण देतंय? दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदी एकदम टापटीप होत्या, माणूस कुठे राहतो, घरात कोण कोण आहे सगळं लिहिलेलं, आणि त्यात धर्माचाही रकाना. तो रकाना कुणी वाकड्या हेतूने घातलेला नव्हता, कारभाराला सोपं जावं म्हणून होता. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ही कपाटं त्यांना आयती मिळाली. तिथल्या साधारण १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाच्या वर मारले गेले. हे सगळं नुसत्या नोंदींमुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती, पण माणसं शोधणं त्या नोंदींनी सोपं केलं हे तिथल्या लोकांना पक्कं कळलं होतं, इतकं की २७ मार्च १९४३ला काही जण पोलिसांचे कपडे घालून अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात घुसले आणि रेकॉर्ड पेटवून दिलं. जळला त्यातला थोडाच भाग, आणि नंतर पकडलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या. आता सांगा, युद्धाआधी त्या रकान्यात खरं खरं लिहून देणाऱ्या माणसाकडे लपवायला काय होतं?

जुनी गोष्ट म्हणून मुलगा उडवून लावेल, तर ऑगस्ट २०२१चं अफगाणिस्तान सांगा. बुबुळं आणि बोटांचे ठसे टिपायची अमेरिकी सैन्याची यंत्रं तालिबानच्या हाती पडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, आणि ज्यांनी साध्या नोकरीसाठी म्हणून ठसे दिले होते त्यांची झोप उडाली. ठसे देताना सरकार वेगळं होतं, नंतर वेगळं झालं, ठसे तेच राहिले.

प्रश्न : फोन वापरता, नकाशे वापरता, पोराबाळांचे फोटो टाकता, कंपन्यांना सगळं फुकट देता, आणि सरकारने चार गोष्टी मागितल्या की लगेच प्रायव्हसी आठवते. ढोंगीपणा आहे हा!

उत्तर : थोडा आहे, मान्य. म्हणजे अ‍ॅपला काँटॅक्ट, लोकेशन, माईक सगळ्याला "अलाऊ" दाबायचं आणि मग ओळखपत्राच्या नावाने बोंब मारायची, हे दिसतं आजूबाजूला. पण तरी दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका ना. अ‍ॅप डिलीट करता येतं, कटकट होईल, मित्र चिडवतील, बस. सक्तीचं ओळखपत्र नाकारलं तर नोकरी अडते, भाड्याचं घर अडतं, पेन्शन अडते, आणि कंपनी फार तर जाहिरातींनी जीव खाईल, सरकार अटक करू शकतं, देशाबाहेर काढू शकतं. जो जास्त ताकदवान त्याला जास्त प्रश्न विचारायचे, यात ढोंग कसलं.

आणि माझं म्हणाल तर सगळं घोडं अडतं ते सक्तीपाशी. साध्या माणसाच्या हातात सौदा करायला एकच गोष्ट असते, "मला नको" म्हणणं. तेच काढून घेतलंत तर बदल्यात काहीतरी भक्कम द्यायला लागतं, म्हणजे कायदा, दाद मागायची जागा, माझी माहिती कोणी उघडून बघितली ते मला दिसायची सोय. बहुतेक सरकारं पहिली गोष्ट पटकन काढून घेतात आणि दुसरीबद्दल "नियम लवकरच येतील" म्हणतात. अविश्वास तिथे तयार होतो, लोकांना कॉम्प्युटर कळत नाही म्हणून नव्हे.

अजून एक, माहिती एकेका खात्यात वेगवेगळी पडलेली असणं आणि एका नंबराने ती सगळी जोडली जाणं यात फार अंतर आहे. फ्रान्समध्ये १९७४ला नेमकं यावरूनच वादळ झालं, सरकारी फायली एका नंबराने जोडायची 'सफारी' नावाची योजना होती, 'ल मॉन्द' पेपरने ती बाहेर काढली, एवढा गदारोळ झाला की योजना गुंडाळली आणि १९७८ला माहिती संरक्षणाचा कायदा आणि त्यावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र संस्था आली. जर्मनीत तर १९८३ला साधी जनगणना होती, लोकांनी बहिष्काराची मोहीम काढली, प्रकरण घटनात्मक कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की आपल्या माहितीचं काय करायचं हे ठरवायचा हक्क मुळात त्या माणसाचा आहे. तेव्हा ना फेसबुक होतं ना स्मार्टफोन, त्यामुळे ढोंगाचा आरोप निदान त्यांच्यावर तरी करता येणार नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. वय झालंय, आयुष्यभर हाताने काम केलं. पेन्शनसाठी गेले की मशीन म्हणतं जुळत नाही आणि तिथला माणूस म्हणतो उद्या या. स्वतःची ओळख स्वतःच पटवू न शकणं म्हणजे काय ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं. यात चूक कोणाची?

उत्तर : वडिलांची अजिबात नाही, आणि हे आधी त्यांना सांगा. बऱ्याच जणांना वाटतं मशीन म्हणजे हो किंवा नाही, पक्कं काम. तसं नसतं हो. मशीन दोन ठशांमध्ये साम्य किती याचा एक स्कोअर काढतं, आणि किती स्कोअरच्या वर "हो" म्हणायचं ही रेघ माणसांनी ठरवलेली असते. रेघ वर नेली तर खरी माणसं नाकारली जातात, खाली आणली तर खोटी आत शिरतात. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी रेघ कुठेच नसते, म्हणजे सिस्टीम चालू करायच्या आधीच ठरलेलं असतं की काही खरी माणसं बाहेर राहणार. मग ती कोण? ज्यांची कातडी वयाने कोरडी पडलीये, ज्यांच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजल्यात, ज्यांना भाजलंय किंवा बोटंच नाहीत. ऑफिसात बसून योजना आखणाऱ्याचं बोट पहिल्या झटक्यात जुळतं, म्हणून त्याला हा प्रॉब्लेम टक्केवारीतला वाटतो.

भारतात आधारच्या खटल्यात २०१८ला सुप्रीम कोर्टाने नोंदवलंय की ठसे जुळले नाहीत एवढ्यावरून कुणाचा हक्क नाकारता येणार नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्यायचं. कागदावर छान आहे, खिडकीवरचा माणूस मात्र मशीनकडे बोट दाखवून मोकळा होतो. तुम्ही दोन गोष्टी करा, एक म्हणजे बुबुळ, चेहरा, ओटीपी किंवा कागद यातला दुसरा मार्ग मागा, आणि नाहीच म्हणाले तर "नाही" लेखी मागा, तारीख आणि सहीसकट. लेखी म्हटलं की निम्म्या वेळा दुसरा मार्ग आपोआप सापडतो.

ठशांबद्दल अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पासवर्ड चोरीला गेला की बदलता येतो, बोट कसं बदलणार? अमेरिकेत सरकारी नोकरांच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यातून चोरी झाल्याचं २०१५ला उघड झालं, त्यात ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेले. त्यातल्या प्रत्येकाला तीच बोटं घेऊन मरेपर्यंत जगायचंय.

प्रश्न : मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय. तुम्ही लेखक मंडळी नुसती भीती घालता. बोगस नावं, एकाच माणसाची चार कार्डं, मेलेल्यांच्या नावावर पैसे, हे आम्ही आयुष्यभर बघितलं. डिजिटल ओळखीशिवाय ते थांबणार कसं, सांगा की.

उत्तर : काका, तुमचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ओळखच नसणं हा सगळ्यात मोठा जाच आहे, वर्ल्ड बँकेच्या २०२१च्या अंदाजाने जगात साधारण ८५ कोटी लोकांकडे कुठलंच सरकारी ओळखपत्र नाही, त्यांना प्रायव्हसीचे धडे देणं म्हणजे क्रूरपणा होईल. एकाच माणसाची चार नावं पकडायला डिजिटल ओळख चांगली उपयोगी पडते, मेलेल्याच्या नावावरचा अंगठाही अडतो. पण तुम्ही आत बसून बघितलंय म्हणून तुम्हालाच विचारते, सगळी लबाडी ओळखीची होती का? उत्पन्न खोटं दाखवणं, हातात कमी देऊन वहीत पूर्ण लिहिणं, टेंडरमधली मिलीभगत, यात माणूस खराच असतो, त्याचा अंगठाही खराच असतो. तिथे मशीन काय करणार.

आणि मी काही सरसकट विरोधात नाही. एस्टोनिया बघा, साधारण १३ लाखांचा देश, २००२ पासून डिजिटल ओळखपत्र आहे, तिथे कार्ड काढणं बंधनकारकच आहे आणि लोक ते वापरून ऑनलाइन सही करतात, मतसुद्धा देतात. तिथे सगळी माहिती एका गोदामात भरलेली नाही, ज्या त्या खात्याकडे आहे, आणि आपली नोंद कोणी उघडली हे नागरिकाला बघता येतं. २०१७ला त्यांच्या साडेसात लाखाच्या आसपास कार्डांच्या चिपमध्ये सुरक्षेची खोट सापडली. सरकारने सप्टेंबरमध्ये स्वतः जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची डिजिटल सर्टिफिकेट (ज्यांच्यामुळे कार्ड ऑनलाइन चालतं ती) बंद ठेवली आणि अपडेट करून घेतली. एवढी मोठी भानगड होऊन पण लोकांनी कार्डं फेकून दिली नाहीत, कारण बातमी लपवली गेली नाही. आता मनात कल्पना करा, की अशी खोट सापडली आणि खात्याने आधी नाकारलं, मग ज्याने दाखवली त्याच्यावरच केस टाकली. काका, तुमच्या ओळखीतले किती साहेब पहिल्या प्रकारचे होते?

प्रश्न : ओळखपत्राच्या नावाखाली शरीरात चिप बसवणार आहेत असा मेसेज फिरतोय, खरं का?

उत्तर : नाही. पुढे पाठवू नका. असल्या मेसेजचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे खरा प्रश्न विचारणाऱ्यालाही मग त्याच टोपलीत टाकून हसता येतं.

प्रश्न : आधी म्हणतात ऐच्छिक आहे, मग हळूच सगळीकडे लागायला लागतं. हे ठरवून करतात का?

उत्तर : काही वेळा ठरवून, पण जास्त वेळा आळसाने, असं माझं मत. एकदा नंबर तयार असला की प्रत्येक खात्याला, बँकेला, शाळेला वाटतं चला आपण पण हाच मागूया, नवीन काही उभारायला नको. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर १९३६ला निघाला तो फक्त पगार आणि पेन्शनचा हिशोब ठेवायला, पुढे तर कार्डावर छापायचे की हे ओळखीसाठी नाही, १९७२ला ती ओळ काढून टाकली, आणि आज तिथे त्या नंबराशिवाय पान हलत नाही. ब्रिटनमध्ये १९३९ला युद्धासाठी म्हणून ओळखपत्रं दिली, युद्ध संपलं तरी पोलीस रस्त्यात थांबवून मागतच होते, १९५०च्या डिसेंबरात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाने गाडी अडवल्यावर दाखवायला सरळ नकार दिला. केस झाली, तो हरला, पण न्यायाधीशांनीच म्हटलं की युद्धासाठी केलेला कायदा असा रोजच्या कामाला वापरणं बरोबर नाही, आणि १९५२ला ती कार्डं बंद झाली.

त्याच देशाने २००६ला पुन्हा ओळखपत्रांचा कायदा केला. मध्येच २००७ला काय झालं, तर कर खात्याने मुलांच्या भत्त्याची माहिती असलेल्या दोन सीडी टपालात हरवल्या, अडीच कोटी लोकांची नावं-पत्ते-बँक खाती त्यात. विरोधकांना वेगळं भाषण करायची गरजच उरली नाही. २०१०ला कायदा रद्द, आणि २०११ला त्या नोंदींच्या हार्डडिस्क अक्षरशः मशीनमध्ये घालून चुरा केल्या. आणि आता सप्टेंबर २०२५ला पंतप्रधान स्टार्मर यांनी काम करायचा हक्क तपासायला डिजिटल आयडी सक्तीचा करणार म्हटल्यावर विरोधातल्या ऑनलाइन अर्जावर २८ लाखांच्या वर सह्या पडल्या. लोकांची स्मरणशक्ती सरकारला वाटते तेवढी वाईट नसते.

प्रश्न : पुढारलेल्या देशांत लोक सरकारवर विश्वास ठेवतात, आपल्यासारखे संशयी नसतात. बरोबर ना?

उत्तर : स्वित्झर्लंडचं सांगते. मार्च २०२१ला तिथे डिजिटल ओळखीच्या कायद्यावर जनमत घेतलं, ६४ टक्क्यांवर लोकांनी नाही म्हटलं, मुख्य राग असा की ओळखपत्र द्यायचं काम खाजगी कंपन्यांकडे जाणार होतं. सरकार परत गेलं, नवीन मसुदा आणला, यात ओळख सरकारच देणार, माहिती माणसाच्या स्वतःच्या फोनवर राहणार, आणि घ्यायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. सप्टेंबर २०२५ला हे पास झालं, कितीने, तर ५०.४ टक्क्यांनी! म्हणजे एवढं सगळं करूनसुद्धा जवळजवळ निम्मा देश अजून नाहीच म्हणतोय. मला तर हे फार आवडलं.

प्रश्न : कोर्टात जाऊन खरंच काही होतं का? की नुसत्या तारखा?

उत्तर : तारखा तर आहेतच. पण होतं, आणि कधी कधी भलत्याच ठिकाणी होतं. आधारचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ला चार विरुद्ध एक असा लागला. योजना टिकली, अनुदानं आणि पॅनसाठी जोडणी राहिली, बँक खात्याला आणि मोबाईलला जोडायची सक्ती गेली. विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती चंद्रचूड, त्यांचं म्हणणं पूर्ण कायदाच घटनेविरुद्ध आहे. इथे तो अल्पमताचा निकाल, म्हणजे वाचायला चांगला पण लागू काही नाही. तिकडे जमैकात असाच कायदा झालेला, नाव नोंदवलं नाही तर गुन्हा, बुबुळं-ठसे सगळं द्यायचं. १२ एप्रिल २०१९ला तिथल्या कोर्टाने तो पूर्णच्या पूर्ण रद्द केला, आणि मुख्य न्यायाधीश ब्रायन साइक्स यांनी आधार घेतला तो चंद्रचूड यांच्या त्या अल्पमताच्या निकालाचा. इथे हरलेला युक्तिवाद समुद्रापलीकडे जाऊन जिंकला, कोर्टाच्या बातम्यांमध्ये इतकं मजेशीर मी फार कमी वाचलंय.

केनियाचं पण बघा. तिथल्या 'हुदुमा नंबा' या डिजिटल ओळखीच्या योजनेला न्युबियन नावाच्या अल्पसंख्य समाजाच्या संघटनेने कोर्टात खेचलं. त्यांना आधीपासूनच साधं ओळखपत्र काढताना वेगळ्या चौकशीतून जावं लागायचं, मग त्यांची भीती साहजिक, की जुनाच भेदभाव आता कॉम्प्युटरमध्ये जाऊन कायमचा पक्का होणार. २०२०च्या जानेवारीत कोर्टाने डीएनए घेणं आणि घराचं जीपीएस ठिकाण नोंदवणं थांबवलं, ऑक्टोबर २०२१ला तर कार्डांचं वाटपच बेकायदा ठरवलं, कारण लोकांच्या माहितीला धोका काय आहे हे आधी तपासायला हवं होतं ते तपासलंच नाही. मुद्दा इतका साधा होता, पण तो विचारायला कुणीतरी कोर्टाची पायरी चढायला लागली.

प्रश्न : माझं आधार कधीच झालंय, सगळीकडे दिलंय. आता एवढं वाचून उपयोग काय?

उत्तर : दिलेलं परत येणार नाही, पण गळती कमी करता येते. बायोमेट्रिक (म्हणजे ठसे, बुबुळं वगैरे) लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं. जिथे कॉपी द्यायचीच आहे तिथे मास्क केलेली द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नंबराऐवजी सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी चालत असेल तर तो द्या, हवा तेव्हा नवा काढता येतो. आणि तुमची ओळख कुठे कुठे तपासली गेली त्याची यादी अधिकृत साइटवर ओटीपी टाकून बघता येते, महिन्या-दोन महिन्यांनी बघत जा. त्यात अनोळखी काही दिसलं तर तक्रार लेखी करा, नुसता फोन करून थांबू नका, आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा.